रोलर डर्बी पहिल्यांदाच बघायला येताय? मग नजर घोळक्यावर ठेवा

२ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवलं आणि वर्ल्ड कप उचलला. दीप्तीच्या चेंडूवर हरमनप्रीतने मागे धावत झेल घेतला, तेव्हा सगळं संपलं हे स्टँडमधल्या कुणालाही समजावून सांगावं लागलं नाही. क्रिकेट कसं बघायचं हे आपण मुद्दाम शिकलेलोच नसतो. घरात टीव्ही चालू असतो, गल्लीत खेळ चालू असतो, आणि ते आपोआप अंगात मुरतं.

रोलर डर्बीला ती सोय नाही. आम्ही काही जणी घणसोलीच्या एका रिंकवर सकाळी सराव करतो आणि अधूनमधून आपसात सामना लावतो. बघायला सासूबाई येतात, शेजारणी येतात, स्केटिंगच्या क्लासला मुलांना सोडायला आलेले आईबाबा कठड्याशी थांबतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ताई, बॉल कुठे आहे?" दुसरा, "सगळ्याच पडतायत, मग जिंकतंय कोण?" दहा मिनिटांनी बहुतेकांचे फोन बाहेर येतात. त्यांना खेळ आवडलेला नसतो असं मला वाटत नाही. त्यांची नजर चुकीच्या जागी असते, इतकंच. डोळे आपसूक सगळ्यांत वेगाने पळणाऱ्या मुलीमागे जातात, आणि खरा सामना तिच्या मागे राहिलेल्या घोळक्यात चालू असतो. हे लिहायला बसले ते त्या कठड्यावरच्या लोकांसाठी.

दहा जणी आणि एक ट्रॅक

चेंडू नाही, जाळं नाही, गोल नाही. जमिनीवर आखलेला लंबगोल ट्रॅक असतो, साधारण १३ ते १५ फूट रुंद. त्यावर क्वाड, म्हणजे पुढे दोन आणि मागे दोन चाकं असलेले स्केट्स घातलेल्या दहा जणी. प्रत्येक संघाच्या पाच. खेळ घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो.

पाच जणींपैकी एक जॅमर. तिच्या हेल्मेटवरच्या कापडी कव्हरवर मोठा तारा असतो. बाकीच्या चौघी ब्लॉकर, आणि त्यांतली एक पिव्हट असू शकते; तिच्या कव्हरवर पट्टा असतो. गुण मिळवते ती फक्त जॅमर. समोरच्या संघाच्या जितक्या ब्लॉकरना ती नियमात राहून मागे टाकेल, तितके गुण. समोर चौघी असतात, म्हणून घोळक्यातून एकदा आरपार गेलं की जास्तीत जास्त चार गुण.

ठाणे जिल्ह्यातल्या माणसाला कबड्डी समजावायची गरज नसते, म्हणून तिचाच आधार घेते. कबड्डीत चढाईला एक जण येते आणि समोर सात जणी असतात. आता असं समजा की दोन्ही संघांच्या चढाया एकाच वेळी, मैदानाच्या एकाच अर्ध्यात सुरू झाल्या. लाल संघाची मुलगी पिवळ्या बचावात शिरतेय, पिवळ्या संघाची लाल बचावात, आणि दोन्ही बचाव एकमेकांत मिसळून उभे आहेत. लाल संघाच्या चौघींना एकाच क्षणी दोन कामं करायची आहेत. पिवळ्या जॅमरला सोडायचं नाही, आणि आपल्या जॅमरसाठी पिवळ्यांची फळी फोडायची. आक्रमण आणि बचाव पाळीपाळीने येत नाहीत. तीच मुलगी, त्याच सेकंदात, दोन्ही करत असते. पहिल्यांदा बघणाऱ्याला गोंधळ वाटतो तो याचमुळे, आणि एकदा हे ध्यानात आलं की त्याच गोंधळात आकार दिसायला लागतो.

एक फरक मात्र आधीच सांगून ठेवते, कारण कबड्डी जाणणाऱ्यांची गफलत हमखास इथे होते. कबड्डीत हात धरून साखळी करणं हे बचावाचं मुख्य हत्यार आहे. डर्बीत हातात हात गुंफून वाट अडवली की पेनल्टी. भिंत उभी करायची ती खांद्याला खांदा, कमरेला कंबर भिडवून. तिघी खाली वाकून एकमेकींना चिकटतात, चौथी त्यांच्याकडे तोंड करून, म्हणजे उलटी स्केटिंग करत, त्यांना पुढून आधार देते. ती उलटी असलेली मुलगी मला या खेळातली सगळ्यांत देखणी गोष्ट वाटते. मागून जॅमर कुठून घुसतेय हे फक्त तिला दिसतं, आणि ती ओरडून आणि हाताने आपल्या भिंतीला डावी-उजवीकडे सरकवत असते.

दोन मिनिटांचा डाव

सामना ६० मिनिटांचा, ३० मिनिटांचे दोन भाग. या भागांत छोटे छोटे डाव असतात, त्यांना जॅम म्हणतात. एक जॅम जास्तीत जास्त दोन मिनिटं चालतो. दोन जॅमच्या मध्ये ३० सेकंद मिळतात, आणि तेवढ्यात आधीच्या पाच जणी बाहेर जाऊन नव्या पाच जणी उभ्या राहतात. सामन्यासाठी संघात १५ जणी असतात. त्यामुळे चेहरे लक्षात ठेवायच्या फंदात पडू नका. नव्या जॅमला फक्त दोन तारे शोधा.

ट्रॅकवर दोन आडव्या रेषा दिसतील, एकमेकींपासून ३० फुटांवर. दोन्ही संघांच्या ब्लॉकर या रेषांच्या मध्ये उभ्या राहतात. दोन्ही जॅमर मागच्या रेषेच्या मागे. "पाच सेकंद" अशी हाक येते, मग एक छोटी शिट्टी, आणि दोघी जॅमर समोरच्या गर्दीवर धावून जातात.

पहिल्यांदा घोळक्यातून बाहेर पडण्याला गुण नाहीत. पण दोघींपैकी जी आधी, नियम न मोडता, सगळ्यांच्या पुढे निघते ती 'लीड जॅमर' होते. दोन छोट्या शिट्ट्या वाजतात. तिच्यामागे असलेला पंच एक हात तिच्याकडे रोखतो आणि दुसरा वर करतो. हा इशारा चुकवू नका, कारण पुढचं सगळं नाट्य त्यावर बेतलेलं असतं. लीड जॅमरला एक अधिकार मिळतो. तिला वाटेल तेव्हा ती दोन्ही हात कमरेवर थापटून जॅम थांबवू शकते. दुसरीला तो अधिकार नाही.

उदाहरण घेऊ. लाल जॅमर आधी सुटली, लीड तिची. पिवळी अजून लाल भिंतीमागे अडकलेली आहे. लाल मुलगी ट्रॅकला पूर्ण फेरी मारून घोळक्याच्या मागे परत येते आणि एकेक करत चारही पिवळ्या ब्लॉकरना मागे टाकते. चार गुण. नेमकी तेव्हाच पिवळी भिंत फोडून बाहेर पडते. तिची बिनगुणांची खेप झाली, आता ती फेरी मारून येईल आणि तिलाही चार गुण मिळू शकतील. लालने काय करावं? आणखी एक फेरी मारली तर आपलेही चार वाढतील, पण मग हिशोब ८-४ किंवा ८-८ होईल. आत्ता थांबवलं तर ४-० पदरात पडतं. ती मागे वळून बघते, पिवळी कुठवर आलीय याचा अंदाज घेते आणि कमरेवर हात थापटते. चार छोट्या शिट्ट्या. जॅम संपला.

कठड्यावरून हमखास आवाज येतो, "अरे, आत्ता कुठे मजा येत होती, थांबवलं का?" त्या क्षणी तिने एक नेमका आणि कठीण निर्णय घेतलेला असतो, दमछाक झालेली असताना, धक्के खात, मानेमागे नजर ठेवून. २०१८ च्या जागतिक क्लब अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात पोर्टलंडच्या रोझ सिटी संघाने मेलबर्नच्या व्हिक्टोरिया संघाला अवघ्या एका गुणाने हरवलं होतं. दोन्ही संघ शंभराच्या वर गेलेले, आणि फरक एकाचा. अशा सामन्यात प्रत्येक जॅम कधी थांबवला यावर निकाल ठरतो. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे की जॅम लवकर संपला तर निराश होऊ नका. फळ्यावर बघा, किती गुण घेऊन थांबवला आणि समोरच्याला किती दिले.

जॅमर भिंतीमागे अडकून थकली तर तिच्याकडे अजून एक वाट असते. ती हेल्मेटचं तारेवालं कव्हर काढून पिव्हटच्या हातात देऊ शकते. पिव्हटने ते डोक्यावर चढवलं की ती जॅमर. कव्हर फेकता येत नाही, हातातून हातात गेलं पाहिजे, आणि मध्ये समोरच्या संघाच्या चार जणी ते होऊ नये म्हणून अंग घालत असतात. हे घडताना तुमच्या लक्षात आलं तर समजा तुम्हाला खेळ दिसायला लागला.

घोळका म्हणजे नक्की काय

आता मूळ मुद्द्याला येते. खेळाडू ज्याला 'पॅक' म्हणतात तो हा घोळका. त्याची नियमातली व्याख्या अशी: दोन्ही संघांच्या ब्लॉकर असलेला सगळ्यांत मोठा गट, ज्यात प्रत्येक जण पुढच्या-मागच्या जवळच्या ब्लॉकरपासून १० फुटांच्या आत आहे. या पॅकच्या पुढे २० फूट आणि मागे २० फूट एवढ्याच पट्ट्यात ब्लॉकरना कुणाला अडवता येतं. त्याबाहेर नाही.

वाचायला हे सरकारी परिपत्रकासारखं वाटेल, पण संपूर्ण डावपेच या दोन आकड्यांतून निघतात. जॅमर सुटून २० फुटांपलीकडे गेली की तिचा पाठलाग करता येत नाही, मग अडवायचं ते इथेच आणि आत्ताच. पॅकच्या मागच्या टोकाला लाल भिंतीने पिवळ्या जॅमरला धरून ठेवलंय आणि पुढे पिवळ्या ब्लॉकर वेगाने निघाल्या, तर दोन संघांत १० फुटांहून जास्त अंतर पडेल आणि पॅकच मोडेल. पंच "नो पॅक" ओरडतात. तेव्हा कुणीही कुणाला अडवायचं नाही, दोन्ही बाजूंनी परत जवळ यायचं. म्हणून हुशार संघ आपली एक जण मुद्दाम मधल्या अंतरावर ठेवतो. ती दोन गटांमधला दुवा होते, आणि तिच्यामुळे पॅक टिकतो. तिचं कुणाशी काही चाललेलं दिसत नाही, ती नुसती तरंगत असल्यासारखी वाटते. पण तिथे ती नसती तर मागच्या मैत्रिणींना जॅमरला सोडावं लागलं असतं.

दुसरा डावपेच तर बघताना अंगावर काटा आणतो. ब्लॉकर जॅमरला कमरेचा असा धक्का देते की ती ट्रॅकच्या रेषेबाहेर जाते. आता नियम असा की जिने बाहेर काढलं तिच्या मागूनच आत यायचं, पुढून नाही. पुढून आलात तर पेनल्टी. मग ब्लॉकर काय करते? धक्का दिल्या दिल्या ती वळून उलट दिशेने मागे पळते. दहा फूट, पंधरा फूट. बाहेरच्या मुलीला नाइलाजाने तेवढंच मागे जावं लागतं. कमावलेलं सगळं अंतर गेलं, आणि पुढे भिंत पुन्हा उभी राहिली. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं की ही मुलगी चुकीच्या दिशेला का पळतेय. ती बरोबर पळतेय. मात्र पॅकच्या पट्ट्याबाहेर गेली किंवा पडली तर बाहेरच्या मुलीवरचं बंधन सुटतं, म्हणून तिला नेमकं कुठे थांबायचं हेही माहीत असावं लागतं.

म्हणून मी सगळ्यांना सुचवते की पहिल्या काही जॅममध्ये जॅमरकडे बघूच नका. एका संघाच्या चौघी निवडा आणि फक्त त्यांच्या कमरा बघा. भिंत कुठल्या बाजूला झुकतेय, फट कुठे पडतेय, कोण धावत येऊन ती बुजवतेय. मग नजर जॅमरकडे न्या. ती भिंतीवर नुसती आदळत नाहीये, फट शोधतेय, हे तेव्हा दिसेल.

मारामारी नाही का ही?

नाही. कुठे आणि कशाने धक्का द्यायचा हे काटेकोर ठरलेलं आहे. धडाने, कमरेने, कोपराच्या वरच्या दंडाने आणि मांडीच्या वरच्या भागाने धक्का देता येतो. कोपर, हात, डोकं, गुडघा यांनी नाही. समोरचीच्या छातीवर, बाजूला, दंडावर, कमरेवर धक्का चालतो. पाठीवर, डोक्यावर किंवा मांडीच्या मध्याखाली चालत नाही. उलट दिशेने जाताना कुणाला धडक देता येत नाही.

नियम मोडला की एक लांब शिट्टी, रंग आणि नंबर पुकारला जातो, आणि ती मुलगी ३० सेकंद पेनल्टी बॉक्समधल्या खुर्चीत जाऊन बसते. तेवढा वेळ संघ एकीने कमी. पण ती बॉक्समध्ये बसली म्हणून समोरच्या जॅमरचा गुण बुडत नाही. जॅमर स्वतःच बॉक्समध्ये गेली तर त्या संघाकडे गुण मिळवणारं कुणी उरतच नाही, आणि समोरचा संघ त्या अर्ध्या मिनिटात सामना फिरवू शकतो. याला पॉवर जॅम म्हणतात. आवाज वाढतो तो तेव्हा. आणि लीड जॅमरलाच पेनल्टी झाली तर तिचा जॅम थांबवायचा अधिकार जातो. मग दोन मिनिटं पूर्ण होईपर्यंत कुणालाच सुटका नाही. एका सामन्यात सात पेनल्ट्या झाल्या की खेळाडू बाहेर.

स्केट्सवरचे पंच सातपर्यंत असतात. दोघे फक्त एकेका जॅमरमागे, बाकीचे आतून आणि बाहेरून पॅकवर डोळा ठेवून. शिवाय वेळ, गुण, पेनल्टी लिहिणारी माणसं वेगळी. आणि जगभर बहुतेक ठिकाणी ही सगळी मंडळी बिनपैशाने, आवडीने येतात. आमच्याकडेही एक निवृत्त बँकवाले काका पेनल्टी बॉक्सचं स्टॉपवॉच सांभाळतात, आणि ३० सेकंद म्हणजे ३० सेकंदच.

हेल्मेट, माउथगार्ड, मनगट, कोपर आणि गुडघ्यांची पॅड्स, यांपैकी एकही नसेल तर ट्रॅकवर उतरता येत नाही. पडणं हा शिकायचा भाग आहे. आमच्या सरावात पहिले धडे पडायचेच असतात. लहान होऊन पडायचं, मुठी मिटून हात अंगाशी घ्यायचे, म्हणजे बोटांवरून कुणाचं चाक जाणार नाही, आणि लगेच उठायचं. माझ्या आईने पहिल्यांदा बघितलं तेव्हा प्रत्येक पडण्याला ती "अगं बाई" म्हणत होती. मध्यंतरानंतर ती पडलेली मुलगी किती सेकंदांत उठली ते बघायला लागली.

हा खेळ बायकांचा कसा झाला

१३ ऑगस्ट १९३५ रोजी शिकागोत लिओ सेल्ट्झर नावाच्या आयोजकाने पहिली रोलर डर्बी भरवली, तेव्हा ती सहनशक्तीची शर्यत होती. एक पुरुष आणि एक स्त्री अशा जोड्या बंदिस्त ट्रॅकवर दिवसच्या दिवस फेऱ्या मारायच्या, अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतचं अंतर भरेपर्यंत. लोक गर्दी करायचे ते स्केटर एकमेकांवर आदळायचे तेव्हा. काही वर्षांत डेमन रनियन या क्रीडा पत्रकाराने सेल्ट्झरला सुचवलं की धडकाच खेळाचा भाग करा. तिथून आजच्या खेळाचा पाया पडला. लक्षात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे सुरुवातीपासूनच स्त्रिया आणि पुरुष एकाच नियमांनी खेळायचे, त्या काळात.

पुढे टीव्ही आला, उतरत्या लाकडी ट्रॅकवरचे सामने घराघरांत पोहोचले, आणि हळूहळू खेळापेक्षा तमाशा वाढला. सेल्ट्झरच्या मुलाने १९७३ मध्ये तो धंदा बंद केला. "हे सगळं आधी ठरवलेलं असतं ना?" हा प्रश्न आजही येतो तो त्या काळाच्या आठवणीतून. आजच्या सामन्यात काहीही ठरवलेलं नसतं.

नवा जन्म झाला टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात, २००१ च्या सुमारास, आणि तो बायकांनी दिला. काही वर्षांतच त्यांच्यातल्या एका गटाने उतरता ट्रॅक सोडून सपाट जमिनीवर खेळायला घेतलं. माझ्या मते या खेळाच्या इतिहासातला हा सगळ्यांत मोठा निर्णय. उतरता ट्रॅक बांधायला पैसा, जागा, मालक लागतो. सपाट ट्रॅकला लागते एक गुळगुळीत जमीन आणि टेप. टेपखाली दोरी घातली की रेषा चाकाला जाणवते, बघावी लागत नाही. गोदाम चालतं, पार्किंग चालतं, शाळेचं सभागृह चालतं. म्हणून तो शहरोशहरी पसरला. २००४ मध्ये अमेरिकेतल्या अशा गटांनी एकत्र येऊन संघटना बांधली, तीच आजची वुमेन्स फ्लॅट ट्रॅक डर्बी असोसिएशन. तिचं सूत्र आहे की खेळ खेळाडूंनीच, खेळाडूंसाठी चालवायचा. नियम खेळाडू बनवतात आणि मतदान करून बदलतात. ट्रान्स आणि इतर लिंगओळखीच्या खेळाडूंचंही तिथे उघडपणे स्वागत असतं. २०११ मध्ये टोरांटोत पहिला वर्ल्ड कप झाला, २०१४ मध्ये डॅलसला, २०१८ मध्ये मँचेस्टरला. तिन्ही अमेरिकेने जिंकले. आपल्याकडेही राष्ट्रीय रोलर स्केटिंग स्पर्धांत डर्बी हा प्रकार आता खेळला जातो.

मला हा खेळ इतका जवळचा का वाटतो, तेही सांगते. लोकलच्या डब्यात, रस्त्यावर, ऑफिसच्या लिफ्टमध्ये आम्ही अंग चोरून उभं राहायला शिकलेल्या असतो. डर्बीत गुडघे वाकवून, पाय फाकवून, कंबर रुंद करून जागा अडवायची असते. आमच्या गटात चाळिशीतल्या आहेत, बाळंतपणानंतर आलेल्या आहेत, आयुष्यभर "जाडी" ऐकलेली एक जण आहे, जिच्या कमरेवरून पुढे जाणं आजतागायत फार थोड्या जणींना जमलंय. शिडशिडीत मुलगी फटीतून निसटते, भारदस्त मुलगी भिंतीचा पाया होते. संघाला दोघी लागतात.

बसायचं कुठे, निघायचं कधी

शक्य असेल तर वळणापाशी उभे राहा. वेग तिथे तुटतो, भिंती तिथे बाहेर फेकल्या जातात. ट्रॅकच्या कडेला पंचांसाठी मोकळी पट्टी सोडलेली असते. तिथे पिशव्या, बाटल्या, पसरलेले पाय नकोत. जमिनीवर बसला असाल तर कुणी घसरत अंगावर आलं तरी हात पुढे करून थांबवायला जाऊ नका, दोघांचीही मनगटं जातील. लहान मुलांना मागे, कठड्याच्या पलीकडे ठेवा.

आमच्याकडचे बहुतेक रिंक उघड्यावर आहेत, त्यामुळे जूनपासून पाऊस थांबेपर्यंत सामन्याची आशा धरू नका. ओल्या काँक्रीटवर चाकं धरत नाहीत, आणि बॅडमिंटनच्या लाकडी फ्लोअरवर स्केट्स सहसा कुणी येऊ देत नाही. दिवाळीनंतरच्या सकाळी उत्तम. नऊच्या आत या, नंतर ऊन कठड्यावर येतं.

आणि घड्याळ शून्यावर आलं म्हणून उठू नका. सामन्याची वेळ संपली तरी चालू असलेला जॅम पूर्ण खेळला जातो, आणि त्यात फळ्यावरचा आकडा उलटू शकतो. बरोबरी झाली तर आणखी एक जॅम होतो. त्यात लीड जॅमर नसते, कुणालाही थांबवता येत नाही, पूर्ण दोन मिनिटं चालतो, आणि पहिल्या खेपेपासूनच गुण मोजले जातात. ठाण्याची पुढची गाडी थोड्या वेळाने असतेच.